बादलीच्या कडीचा आकडा

आमच्या गल्लीतल्या सगळ्या खिडक्या आत उघडतात. मोहाडीतली ही गल्ली आधीच अरुंद, त्यात कापणी झाली की धानाचे भारे लादलेल्या बैलबंड्या दोन्ही भिंतींना घासत जायच्या. बाहेर उघडलेला पल्ला एखादी बंडी सोबत घेऊनच पुढे गेली असती. आता बंड्या जाऊन ट्रॅक्टर आले, पण खिडक्यांना ते कोणी कळवलं नाही.

लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या खिडकीचा कोपरा माझ्या कपाळात बसला. खाली पडलेली पळी उचलून उठले, आणि वर पल्ला होता. उजव्या भुवईवर लिंबाएवढं टेंगूळ. नव्या सुनेनं रडू नये म्हणून मी कांदा चिरायला घेतला. मामाजी, म्हणजे माझे सासरे, उठले. त्यांनी फुटक्या बादलीची कडी काढली, ठोकून ठोकून तिचा आकडा केला आणि भिंतीत लाकडाची गुट्टी बसवून तिच्यात अडकवला. पल्ल्यावर एक लहानसं कडं लावलं. मग म्हणाले, "खिडकी भिंतीले टेकवून आकडा लावाचा, नाहीतर बंद कराची. अर्धी ठेवाची नाही, बाई." ते माझ्याशी बोललेलं त्यांचं पहिलं लांब वाक्य.

पुढे सासूबाई गेल्या, मुलगी शिकायला नागपूरला गेली. नवरा चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत कामाला, कॉलनीतल्या क्वार्टरवर राहतो आणि शनिवारी घरी येतो. घरात मी आणि मामाजी. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेलीच आहे. उजेड तेवढा कळतो. पण या घरात त्यांना डोळ्यांचं फारसं अडत नाही. भिंतीवरून हात फिरवत ते ओसरीतून मोरीपर्यंत माझ्यापेक्षा सरळ जातात. नवऱ्याला मात्र धास्ती. त्यानं सांगून ठेवलं होतं, एकदा जरी त्यांना लागलं तर तो त्यांना क्वार्टरवर नेणार. हे ऐकलं की मामाजी उठून ओसरीत जायचे.

आणि मग मी फ्रीज घेतला. फ्रीजला जागा करायची म्हणून तांदळाची कोठी स्वयंपाकघरातल्या त्याच खिडकीजवळ सरकवली. आता पल्ला कोठीला अडू लागला, भिंतीपर्यंत पोहोचेना, आकडा नुसताच लोंबू लागला. वाऱ्यानं पल्ला आपटू नये म्हणून मी खिडकीच्या कट्ट्यावर वरवंटा ठेवला. मिक्सर आल्यापासून त्याला तरी कुठे काम होतं! पल्ला कोठी आणि वरवंट्याच्या मधे घट्ट उभा राहिला. बरोबर अर्धा. मला माझ्या डोक्याचं कौतुकच वाटलं.

शुक्रवारी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. आतून आवाज आला. धावत गेले तर मामाजी पल्ल्याची कड धरून उभे, डाव्या भुवईतून रक्त.

"कायी नाही झालं, बाई. पोराले सांगू नोको," ते म्हणाले. मी जखमेत हळद भरली. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "तिथल्या भिंती मले नाही समजणार."

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शनिवारी नवरा आला. चप्पल काढायच्या आधी त्यानं जखम पाहिली.

"बाबा, हे काय झालं?"

"नळाजवळ घसरलो थोडासा," मामाजी म्हणाले. मला वाचवायला गेले आणि स्वतःच फसले.

"बस झालं आता. उद्या तुमाले संगं घेऊन जातो."

मी पोळपाट बाजूला सारला. "ते घसरले नाहीत. मी खिडकी अर्धी ठेवली होती. डोळे असून मले समजलं नाही, त्याची शिक्षा त्याइले काहून? न्यायचंच तर मले ने क्वार्टरवर."

तो स्वयंपाकघरात गेला. वरवंटा उचलला, पल्ला भिंतीकडे ढकलून पाहिला. पल्ला कोठीला अडला. याच खिडक्यांखाली तो लहानाचा मोठा झाला होता. रविवारी त्यानं कोठी उचलून ओसरीत नेली, बाजारातून आकडे आणले आणि घरातल्या प्रत्येक खिडकीला लावले. मामाजी भिंतीवर हात ठेवून सांगत होते, "थोडा खाली. माह्या हात इथं जाते." संध्याकाळी तो एकटाच परत गेला.

तेव्हापासून रोज सकाळी चहा ठेवते तेव्हा मामाजी एकेका खिडकीशी जाऊन आकडा चाचपताना ऐकू येतात. एकदा मी म्हटलं, "मामाजी, मी लावले सगळे. आता तुमाले नाही लागणार."

"माह्यासाठी नाही पाहून राहिलो. मले तर हातानं समजते. तूच घाईत रायते," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. त्यांची जखम डावीकडे होती. बोट उजव्या भुवईवर होतं.

"इथं लागलं होतं ना तुले."