शीतलचा कोळशाचा ढीग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. सांगायला बसलो की विषय बदलतो, आणि मग स्वतःचाच राग येतो.

मी पुण्यात गेम इंजिन बनवणाऱ्या कंपनीत आहे. खेळात दगड पडला तर कसा पडावा, कुठे थांबावा, हे ठरवणारा आतला प्रोग्रॅम आम्ही लिहितो. गावी, कोळसाखाणींच्या वणीला गेलो की लोक मला फार हुशार समजतात. पण ही नोकरी मला मिळाली कशावर?

एका कोळशाच्या ढिगावर. यवतमाळच्या कॉलेजात शीतल माझ्या वर्गात होती, वणीचीच. प्रोजेक्टसाठी आम्ही दोघं लिहीत होतो त्या प्रोग्रॅममधला, पडद्यावरचा कोळशाचा ढीग काही केल्या स्थिर होईना, नुसता थरथरत राहायचा. मी महिनाभर वैतागलो, कीबोर्ड आपटले. ती मात्र सुट्टीत वडिलांचा कोळशाचा टिप्पर ट्रक रिकामा होताना बघत बसली. परत येऊन म्हणाली, खालचे तुकडे आधी थांबतात, वरचे मागून. तसंच तिने लिहिलं आणि ढीग गप्प बसला.

तोच प्रोग्रॅम जोडून दोघांनी या कंपनीत अर्ज केला. मुलाखत आधी माझी झाली. हे कुणी लिहिलं, त्यांनी विचारलं. आणि मी — मी म्हणालो, मी. विचार करायला वेळ नव्हता का? होता. पाण्याचा घोट घेऊन मगच बोललो.

जागा एकच होती. तिला बोलावलंच नाही. तेवढंच सांगून गप्प बसता आलं असतं ना? पण मी तिला सांगितलं, तुझं काम त्यांना कच्चं वाटलं. तिने ते पुन्हा कुठे दाखवू नये म्हणून. तिने नाहीच दाखवलं. आता ती वणीतच कोळशाचे ट्रक तोलणाऱ्या एका वजनकाट्यावर पावत्या काढते.

मागच्या महिन्यात कंपनीत ढिगाचा तोच भाग बदलायचं निघालं. चार दिवस डोकं फोडलं, काही उमजेना — माझं असतं तर उमजलं असतं. शेवटी तिलाच फोन लावला, सहज आठवलं म्हणून विचारतो, असं म्हणत. काट्यावर ट्रक खोळंबले होते, तरी तिने सगळं नीट समजावलं. मग म्हणाली, "पण ते तं कच्चं होतं ना रे? तूनंच सांगतलं होतं. मंग आता कायले पाह्यजे?"

निदान तेव्हा तरी खरं बोलायचं.

"हो, कच्चंच होतं," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि तिने सांगितलेलं जसंच्या तसं लिहून काढलं. संध्याकाळपर्यंत ढीग स्थिर झाला. प्रोग्रॅमच्या वर नाव माझं आहे.