पाऊणपट, वजा पावणेतीन तास

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा कोकणातून पूर्व किनाऱ्यावरच्या एन्नोरला आले ते बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगवर खलाशी म्हणून. भरती, सुकती, उधाण, भांग हे समुद्राच्या पाण्याचे शब्द मी पुस्तकांच्या आधी त्यांच्याकडून शिकले. आणि त्यांचा हिशेबही: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असली तर तीन.

खाडीच्या सर्वेक्षणाची नोकरी लागून दोनच महिने झाले होते, अजून उमेदवारीच होती. साहेबांनी विचारलं, "खाडीच्या मुखावरून होडी कधी काढायची?" भरतीचा छापील तक्ता न उघडता मी ठसक्यात म्हटलं, "तीनला." त्या दिवशी चतुर्थी होती. तीनला होडी मुखावरच्या वाळूत रुतली. पाणी कधीचंच उतरायला लागलं होतं.

होडीवाले अण्णा तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, तुमच्या गावचा समुद्र इथे यायला विसरला वाटतं!" साहेब हसले नाहीत. "आणखी एक अशी चूक झाली, की नोकरी संपली."

घरी येऊन मी बाबांवर ओरडले. ते शांतपणे म्हणाले, "तिथी खोटी नाही बाय, किनारा दुसरा आहे. टगवर मी कॅप्टन सांगेल तेव्हा दोर सोडला. इथली वेळ कधी बघितलीच नाही."

मग आम्ही बघितली. मुखाजवळ आकडे रंगवलेला बांबू रोवला. निवृत्त झालेले बाबा दिवसभर छत्री घेऊन तिथे बसायचे, कामावरून सुटले की मी. महिनाभराने वहीत उत्तर आलं: पाऊणपट करा, पावणेतीन तास वजा करा.

यंत्रं आत न्यायची होती ती षष्ठीला. तक्त्यात सव्वा एक होता. मी म्हटलं, "सर, पावणेदोन. तक्ता बंदराचा आहे. मुखावर पाणी अर्धा तास उशिरा चढतं. मोजलंय आम्ही." आणि वही पुढे केली.

साहेबांनी वही चाळली, मान हलवली. सव्वा एकला अण्णांनी होडीचा बांबू बुडवून पाहिला आणि म्हणाले, "अजून कमी आहे." आम्ही थांबलो. पावणेदोनला होडी यंत्रांसकट वाळूवरून अशी गेली, की तळाला खरखरसुद्धा नाही.

साहेबांनी तक्त्यावर पेनाने 'अधिक अर्धा तास' लिहिलं आणि खाली माझी सही घेतली.

"अम्मा, उद्या किती वाजता?" अण्णांनी विचारलं. काठावर बाबा छत्रीखाली बोटांवर सप्तमीची पाऊणपट मोजत होते.

"अडीच!" मी त्यांच्या आधी ओरडले.