दादाच्या मशीनला मी लावलेलं कुंकू

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पलासियात दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते. "आत्या, बाबा गेले. झोपेतच," माझा भाचा अमेय म्हणाला. रिक्षात बसले आणि मनात एकच आलं... आता खरं सांगून तरी काय उपयोग?

रिटायर झाल्यावर दादाने मागच्या खोलीत छोटं मिलिंग मशीन बसवलं होतं. वहिनी गेल्यावर तर त्याचा सगळा दिवस तिथेच जायचा. पोलाद कापणारा कटर होल्डरमध्ये बसतो आणि तो होल्डर फिरत्या स्पिंडलच्या निमुळत्या भोकात. वरून लांब बोल्टने त्याला खेचून धरायचं. "शैला, ही जागा कोरडी पाहिजे. तेलाचं बोट लागलं तरी होल्डर सरकतो," हे त्याने मला शंभरदा सांगितलं असेल. मी नुसतं हो हो करायचे.

गेल्या दसऱ्याला मशीन लख्ख पुसून तो आंघोळीला गेला. मी आपला शहाणपणा केला. तेलात कुंकू कालवून मशीनला टिळे लावले, आणि गंज चढू नये म्हणून त्या भोकातही बोट फिरवलं. दुसऱ्या दिवशी काम सुरू होताच होल्डर सरकला, कटर तुटला आणि तुकडा दादाच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला. अमेय पांढराफटक पडला. "बाबा, अब बस. बोल्ट कसायची ताकद नाही राहिली तुमच्या हातात. विकून टाकू मशीन." त्याने खोलीला कुलूपच घातलं.

दादाने रविवारी एकदा करून दाखवायची परवानगी मागितली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलाकडे. रविवारी त्याने अमेयकडे पाठ करून स्पिंडल आतून पुसला. फडक्यावर लाल उतरलं. त्याने फडकं पाहिलं, मला पाहिलं, आणि फडकं खिशात टाकलं. मग दोन्ही हातांनी जोर लावून बोल्ट आवळला आणि स्पिंडलवरून होल्डरवर स्केचपेनने एक उभी रेघ ओढली. होल्डर सरकला तर रेघ तुटणार होती. कटर पोलादात शिरला... मी पदर मुठीत धरून उभी होते. मशीन थांबलं. रेघ सरळच्या सरळ होती.

"मग त्या दिवशी कसा सरकला?" अमेयने विचारलं.

"पुसायला विसरलो मी," दादा म्हणाला.

"विसरायला लागलात? मग तर आणखीच धोका."

एक वाक्य बोलायचं होतं मला. पण अमेयचा राग माहीत होता, आणि दादाने मान हलवून मला नको म्हटलं, ते माझ्या सोयीचं होतं. आठवड्याभरात मशीन विकलं गेलं, टेम्पोत चढून देपालपुरला गेलं. तरी दादा रोज सकाळी चहा घेऊन त्या रिकाम्या खोलीत जाऊन बसायचा. मला एका शब्दाने बोलला नाही कधी. त्याची मला आज चीड येते, आणि स्वतःची तर फारच.

तेरावं झाल्यावर मी अमेयला त्याच खोलीत नेऊन सगळं सांगितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. मशीनच्या बोल्टांची चार भोकं फरशीत तशीच होती, तो खाली बसून त्यांवरून बोट फिरवू लागला.

"आत्या, एकदा तरी बोलायचं होतंस," तो म्हणाला. "मी बाबांना जबरदस्ती म्हातारं केलं ना गं."