माझा आवाज शेटच्या जीपमध्ये

शेटच्या सूनबाईंनी माझ्या तोंडावरची लाळ रुमालाने पुसली. फोटो झाला. मग तो रुमाल दोन बोटांत धरून मागच्या माणसाकडे दिला आणि माझ्या बायकोला विचारलं, "ह्याला कळतं का काही?"

मी तिथंच होतो. डिचोलीच्या भरलेल्या हॉलात, स्टेजवर, चाकांच्या खुर्चीत.

शेवंती म्हणाली, "तेंका सगळा कळता, बाई. तोंड तेवढा चलना नाय."

माझा बाप सावंतवाडीकडून ह्या शेटच्या खाणीवर आला. मीही तिथंच ट्रक चालवला. खाण बंद पडली तेव्हा हात धड होते. मग दुसऱ्याचा टेम्पो चालवताना गिअरवरून बोटं सुटायला लागली. जीभ अडखळू लागली. लोक म्हणाले, दारू. मी दारूला शिवत नव्हतो. इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, नसा मरत चालल्यात. क्वचित कुणाला होणारा आजार. हात, पाय, जीभ, शेवटी श्वास. औषध नाही. डोळे मात्र बहुतेक टिकतील.

जीभ पुरती जायच्या आधी शेटच्या ट्रस्टची माणसं घरी आली. म्हणाली, तुझा आवाज भरून ठेवू. माझ्याकडून वाक्यं वाचून घेतली. ठसका लागायचा, थांबायचो, पुन्हा वाचायचो. त्यावरून मशीन माझा आवाज तयार करणार होतं. मी पडद्यावरच्या अक्षरावर नजर रोखायची, कॅमेरा ती पकडणार, आणि मशीन माझ्या आवाजात बोलणार. मी त्यांच्यापुढे हात जोडले असते. हात उचलत नव्हते.

त्या दिवशी हॉलात ते मशीन माझ्यापुढे ठेवलं. मी पडद्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. सूनबाईंनी बाजूने बटण दाबलं. हॉलभर माझा आवाज घुमला.

"शेटनी आम्हाला पोसलं. खाण पुन्हा सुरू व्हायलाच हवी."

गळा माझा. शब्द त्यांचे. टाळ्या पडल्या. समोर माझ्या गावची माणसं बसली होती. खाणीची माती शेतात उतरून ज्यांचं भात मेलं, ती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. मला भर चौकात नागडं केल्यासारखं झालं.

मी नजर रोखली. एक अक्षर. मग दुसरं. डोळ्यांतून पाणी गळत होतं. मशीन बोललं, "ह्या मी बोलूक नाय."

सूनबाई हसल्या. माइकवर म्हणाल्या, "मशीन नवीन आहे. चुकतं कधी कधी."

चहाच्या आधीच मशीन उचललं. दुरुस्तीला. परत आलं नाही. शेवंती ट्रस्टकडे विचारायला गेली, तिला गेटच्या आत घेतलं नाही.

मग खाणीची जनसुनावणी जवळ आली आणि शेटची जीप भोंगा लावून गावात फिरू लागली. भोंग्यात मी. कधी न वाचलेली वाक्यं. "मी आजारी माणूस तुमच्या पाया पडतो. खाणीला विरोध करू नका."

शेवंती परसातून धावत आत आली. आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. तिला वाटलं, मी बोललो. मग जीप वळणावर गेली आणि ती खाली बसली. मी तिला काहीच सांगू शकत नव्हतो. तेव्हाच ठरवलं. आता ह्या लोकांची भीती धरायची नाही. मरणाची तर नाहीच.

शेवंतीने पारदर्शक प्लास्टिकवर मार्करने अक्षरं लिहिली. ती ते आमच्या दोघांच्या मधे धरते. पलीकडून माझे डोळे बघते आणि अक्षर ओळखते. हे सगळं मी असंच सांगितलंय.

श्वास कमी होत चाललाय. मी मेलो तरी ती जीप बोलत राहील, हे मला माहीत आहे. म्हणून मी जिवंत असताना सुनावणीत सगळ्यांसमोर बसणार. माझं म्हणणं शेवंती वाचणार, तिच्या आवाजात.

काल संध्याकाळी शेटची माणसं ओसरीवर येऊन बसली. आवाज चढवला नाही. म्हणाली, आजारी माणसाला गर्दीत नेऊ नये, वाटेत काहीही होतं. चहा न घेता गेली.

आज सुनावणी. सकाळी गावच्या माणसांनी खुर्ची टेम्पोत चढवायला फळी आणली. शेवंतीने प्लास्टिक समोर धरलं. विचारलं,

"वाटेत दम लागलो तर?"

मी 'च'कडे बघितलं. मग 'ल'कडे.