दुपारी पेपर कोण वाचतं?

मी विम्याचे क्लेम तपासते. समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच फाईल उघडायची, हे माझं काम. त्यामुळे भास, दृष्टान्त वगैरे कुणी सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न – पुरावा काय? घरही तसंच. आम्ही बौद्ध, मूळचे नांदेडकडचे. अंगात येणं, उतारे टाकणं असलं आमच्याकडे कधी चाललं नाही. तरी हे लिहितेय... म्हणजे फोनला बोलून टाइप करतेय. मराठी घडाघडा बोलते, पण हैदराबादेत वाढल्यामुळे वाचताना अडखळते. चुका आई काढून देणार आहे.

मलकपेठेत तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. आई, बाबा, मी आणि आजोबा. आजी गेल्या वर्षी गेली.

आजी शाळेत कधी गेलीच नव्हती. आजोबा रेल्वेच्या कारखान्यात होते. ड्यूटीवरून आले की मराठी पेपर मोठ्यानं वाचायचे आणि आजी भाकरी थापत ऐकायची. मग काचबिंदूनं त्यांची नजर गेली. "पेपर बंद करा" म्हणाले, तर आजी म्हणाली, "काहून? म्या वाचीन." पन्नाशी उलटलेली बाई सुनेकडून, म्हणजे माझ्या आईकडून, मुळाक्षरं शिकली. अंगात ताप असला तरी रोज वाचायची. जोडाक्षर आलं की गाडी अडायची. 'जिल्हाधिकारी' तर तिला शेवटपर्यंत जमलं नाही. आजोबा दुरुस्त करायचे, ती परत म्हणायची. एका पेपरात दोघांची अख्खी दुपार जायची.

पेपर नांदेडच्या गाडीनं येतो, त्यामुळे आमच्या दाराखालून सरकेपर्यंत दुपार होते. तेव्हा आम्ही तिघंही कामावर असतो.

आजीच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर बाबा म्हणाले, "आता पेपर बंद करू या." आजोबा म्हणाले, "नको. येऊ दे." आम्हाला वाटलं, सवय आहे, हातात धरून बसतील.

मग एकदा संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "हिमायतनगरात बिबट्या विहिरीत पडला म्हणे."

आई दचकली. सासऱ्यांना ती मामा म्हणते. "मामा, आपल्या हैदराबादच्या हिमायतनगरात?"

"आपल्या नाई गं, नांदेडकडल्या. दोरानं बाज सोडून वर काढला त्याला."

आईनं पेपर उघडला. बातमी होती. बाजेसकट!

असं वरचेवर व्हायला लागलं. माझं डोकं लगेच कामाला लागलं – घरात कुणीतरी येतंय. आंधळ्या, एकट्या म्हाताऱ्याशी गोड बोलून आत शिरणारं कुणीतरी. रेडिओ, टीव्ही आमच्याकडे नाहीत. आजोबांचा फोन बटणांचा, त्यात फक्त आमचेच कॉल. भांडी घासायला येणारी यादम्मा सकाळीच जाते, आणि तिला मराठी येत नाही. समोरच्या खालाजींना विचारलं, तर म्हणाल्या, "कोई नै आता बेटा. मैं दिनभर दरवाजेपेच बैठती ना." मी त्यांच्यावरही संशय घेतला. खरं सांगायचं तर बाबांवरसुद्धा घेतला. आजोबांना विचारलं, तर "पेपर वाचतो की, रोजच्यासारखा," एवढंच. वर चहा मागितला.

बाबा घाबरले. "उद्यापासून बाहेरून कुलूप लावून जायचं."

"म्या काय कोंबडी हाय का?" आजोबा म्हणाले. त्या रात्री ते नीट जेवलेही नाहीत. मला वाईट वाटलं, पण मनात म्हटलं, कुलूप लागतंच आहे तर एकदाच सोक्षमोक्ष लावू.

अफझलगंजला जाऊन मी दुसराच मराठी पेपर आणला, आमच्याकडे कधीच न येणारा. चारी बाजूंनी स्टेपल मारले. आमच्या पेपरवाल्याला त्या दिवशी नको म्हणून सांगितलं. पेपर टीपॉयवर ठेवला, कपाटावर जुना फोन रेकॉर्डिंगला लावला, बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी आले तर कुलूप तसंच. स्टेपलही तसेच. मला हायसं वाटलं... अगदी जेवायला बसेपर्यंत.

आजोबा म्हणाले, "आज पेपर दुसराच व्हता. अक्षर लय बारीक. लय अडखळली बिचारी."

मी उठून टीपॉयवरचा पेपर आणला.

"मुखेडकडं पोरींनी बँड काढलाय. लग्नात वाजवायला बोलावू लागलेत त्यांना."

आईनं पिना काढल्या. आतल्या पानावर ती बातमी होती, पोरींच्या फोटोसकट.

व्हिडिओत आजोबा खुर्चीत बसलेत. पेपर टीपॉयवर, घडीही न मोडलेला. ते समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे कान करून ऐकतायत. "हं..." मग बराच वेळ शांतता. "हं, पुढं." मध्येच हसतात. मग म्हणतात, "जिल्हा-धि-कारी. धि. म्हण परत." थांबतात. "हां."

मी इअरफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून ऐकलं. पंख्याची घरघर. बाकी काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी कुलूप लावलं नाही.

आता दर रविवारी सकाळी शनिवारचा पेपर मी आजोबांना पुन्हा वाचून दाखवते. "मराठी वाचायला शीक," हा त्यांचाच हुकूम. मागे एका रविवारी शेवटच्या पानावर निधनाची एक चौकट दिसली. गंगाराम काकांचा फोटो. आजोबांबरोबर कारखान्यात होते, त्यांचे जिवलग. नंतर कधीतरी सांगू असं ठरवून मी ती चौकट सोडली आणि पेपर मिटला. "झाला, आजोबा."

त्यांनी हात पुढे करून पेपरवर ठेवला. "गंगारामाचं राहिलं, माय."

"तुम्हाला... कुणी सांगितलं?"

"काल तिनंबी सोडलं. पेपर भर्रकन मिटला तिनं. म्हणून इचारलं, कोण गेलं गं?" त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "वाच आता. सगळं वाच."

मी वाचलं.

डॉक्टर, मित्रमैत्रिणी, सगळ्यांना विचारून झालं. पटेल असं कुणीच काही सांगितलं नाही, आणि मलाही काही सुचत नाही. संशय घेणं मात्र मी सोडून दिलंय. संध्याकाळी घरी आले की चपला काढता काढताच विचारते – आजोबा, आज काय काय वाचलं?