शनिवारचा कडक उपवास

नवरा सकाळी पिऊन बसमध्ये चढतो, ही बातमी त्याच्या ऑफिसातल्या माणसाने आमच्या घरी येऊन दिली. दोघे सदाशिव पेठेतून हिंजवडीला कंपनीच्या एकाच बसने जायचे.

"वहिनी, राग मानू नका. जीभ जड, शर्ट घामाने चिंब. परवा उतरायचं ठिकाण आलं तरी जागचे हलेनात, वर मलाच शिवी दिली. वरपर्यंत गेलं तर नोकरी जाईल."

माझ्या नवऱ्याच्या तोंडून मी कधी शिवी ऐकली नव्हती. पण सकाळी तो विचित्र वागतो, हे मीही बघत होते. बटणं चुकीची लावायचा. दात घासायला जाऊन आरशापुढे नुसता उभा राहायचा. एखाद्या दिवशी चार बिस्किटं पोटात गेली की दहा मिनिटांत ताळ्यावर. मी ठरवून टाकलं, रात्रीची उतरत नाही. कपाटं, माळा, स्कूटरची डिकी, सगळं धुंडाळलं. बाटली सापडली नाही. रोज त्याचं तोंड हुंगायला लागले. वास यायचा नाही, तेव्हा वाटलं, लपवण्यात पटाईत झालाय.

माहेरी कुठल्याही व्यसनावर उपवास हाच इलाज. वडिलांची तंबाखू तशीच सुटली होती.

"शनिवार धर," मी म्हटलं. "कडक. पाण्याशिवाय काही नाही. मारुतीसमोर शपथ घे, म्हणजे सुटेल."

"जे धरलंच नाही ते सोडू कसं?"

तरी भांडण नको म्हणून त्याने उपवास धरला.

पहिल्याच शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास तो स्वयंपाकघरात आला. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, आपण कोण?" आणि ओट्यापाशी कोसळला. हातपाय ताठ, तोंडाला फेस. शेजाऱ्यांच्या मदतीने रिक्षात घातलं. हॉस्पिटलात बोट टोचून साखर तपासली, ती फारच खाली गेली होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "बस गेली का?"

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "किती वेळ उपाशी आहेत?"

"रात्रीपासून. मीच सांगितलं होतं."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

मग त्याला दाखल करून पुन्हा उपाशी ठेवलं, या वेळी डॉक्टरांच्या नजरेखाली, ठरावीक वेळाने रक्त काढत. काही तासांतच त्याची जीभ जड झाली. बसमधला माणूस जे सांगत होता, ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. स्वादुपिंडात वाटाण्याएवढी गाठ होती. गरज असो नसो, ती इन्सुलिन सोडत राहायची. पोट रिकामं असलं की साखर इतकी उतरायची की मेंदू चालेना.

ऑपरेशन झालं, गाठ गेली, नोकरीही राहिली. बसमधल्या माणसाला मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. "असं होय! पण मी तीन-चार जणांना बोललो होतो हो," तो म्हणाला.

घरी आल्यावर एकदा जेवताना नवऱ्याने विचारलं, "बाटली शोधायला माळ्यावर चढलीस. डॉक्टरकडे न्यावंसं नाही वाटलं?"

"डॉक्टरांना काय सांगणार होते? नवरा पितो? लाज वाटली."

त्याने माझ्याकडे पाहिलं, ताट पुढे ओढलं आणि भात कालवायला घेतला.