आबा दिसले की गाणं बंद

माणूस एकटा फिरायला गेला तर त्याची शुगर उतरते. तिघं मिळून गेले की शुगर जिथल्या तिथे राहते आणि किस्से तेवढे वाढतात. आमचं तसंच झालंय. सकाळी घरी येऊन चपला काढायच्या आत बायको विचारते, "आज काय झालं?" काही झालं नाही, असं अजून एकदाही सांगता आलेलं नाही. तिची करमणूक होते आणि माझ्या डोक्याला ताप होतो. म्हटलं, तुम्हालाही सांगून टाकावं, तेवढंच डोकं हलकं होईल.

आम्ही तिघं म्हणजे मी, रफिकभाई आणि वामन आबा. माझं जळगावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. रफिकभाई टेलर, पण तुमच्या-माझ्या शर्ट-पँटीचे नाहीत. निम्म्या खानदेशातल्या बँड पार्ट्यांचे ड्रेस ते शिवतात. लाल कोट, सोनेरी झालर, खांद्यावर झुपके, सगळं त्यांच्या मशीनवरचं. आणि वामन आबा म्हणजे पालिकेच्या अतिक्रमण विभागातून रिटायर झालेले आमचे शेजारी. आयुष्यभर जप्तीच्या गाडीच्या पुढे चालले. कधी शिवी दिली नाही, कधी कुणावर हात उगारला नाही. हातगाडीसमोर उभं राहायचं आणि एकच शब्द बोलायचा, "उचला." आख्खा चौक रिकामा व्हायचा.

मागच्या दिवाळीनंतर आबांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं की रोज पाऊण तास चालायचं, आणि सलग चालायचं, मध्ये थांबायचं नाही. दोन महिन्यांनी पट्ट्यावर चालवून बघतो. दम टिकला तर गोळ्यांवर भागेल, नाही टिकला तर छाती उघडावी लागेल. आबा ऑपरेशनला असे घाबरले की त्या दिवशी जेवलेच नाहीत. आबांची बायको, आमच्या अक्का, मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "भाऊ, यास्ले कोठे थांबू देऊ नका." मी हो म्हणालो. तेच चुकलं.

कारण आबांना गाण्याचा नाद आहे. नोकरीत असताना रस्त्यावरचं गाणं म्हणजे त्यांच्यासाठी तक्रार अर्ज होता, ऐकायची सोयच नव्हती. आता रिटायर झाल्यावर सगळी हौस उफाळून आलीय. कुठे पेटी वाजली, डफ वाजला, की यांचे पाय जमिनीला चिकटतात. आणि दुसरीकडे, रस्त्यावर गाणाऱ्या-वाजवणाऱ्या एकूणएक माणसाला आबा तोंडओळखीचे. त्यात आबा फिरायलाही तोच राखाडी सफारी घालून येतात. मी स्वखर्चाने ट्रॅकपँट आणून दिली, तर पायजम्यावर चौकात कसं जायचं म्हणून कपाटात ठेवली. मग काय होणार? हे ऐकायला थांबतात आणि ते बघून पळतात!

*

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. चौकात एक जण सतरंजी टाकून, स्पीकर आणि माईक लावून जुनी गाणी म्हणत बसला होता. आवाज बरा होता, खोटं कशाला बोलू. आबा थांबले. हात मागे बांधले, मान तिरकी केली, अगदी रसिक उभे राहतात तसे.

गाणाऱ्याने मुखडा संपवून डोळे उघडले. समोर राखाडी सफारी. अंतऱ्याचा पहिला शब्द त्याच्या तोंडातच राहिला. त्याने वायर गुंडाळली, स्पीकर खांद्यावर टाकला, सतरंजीवरची चिल्लर सतरंजीसकट बगलेत मारली आणि गल्लीत शिरला. कुणी काही बोललंच नव्हतं.

मी आबांना चला चला करत होतो. आबा आपले रिकाम्या जागेकडे बघत उभे. मग फार दुखावल्यासारखं म्हणाले, "अंतरा तरी पुरा करायचा होता त्याने."

*

आबा कमी पडतात म्हणून की काय, बँडच्या बाबतीत रफिकभाई आहेत. लग्नसराईत आम्ही रस्ता बदलून बघितला, पण बँड कुठून येईल याचा नेम नसतो. एकदा नवरदेव मारुतीच्या पाराकडे निघाला होता. घोडा, पुढे नाचणारी पोरं, त्यापुढे बँड. मी दोघांच्या दंडाला धरून बाजूने काढत होतो, तेवढ्यात ट्रम्पेटवाल्याने वाजवणं सोडलं आणि ओरडला, "ओ चाचा, बाही दाटस!"

बगलेत कोट घट्ट होत होता, त्यामुळे ट्रम्पेट वर उचलता येत नव्हतं. घरी या, सैल करून देतो, असं कुणीही म्हणालं असतं. रफिकभाईंनी टोपीतून सुई काढली, खिशातून छोटी कात्री काढली आणि भर रस्त्यात त्याची बगल उसवायला घेतली. वरात थांबली. नवरदेव घोड्यावर घामाघूम. मी म्हटलं, रफिकभाई, हात जोडतो. तर म्हणतात, "भाऊ, नाव माझं खराब होतं ना."

इकडे बँडमास्तरचं लक्ष आबांकडे गेलं. त्याच्या मनात काय आलं देव जाणे, पण त्याने सगळ्या वाजवणाऱ्यांना रस्त्याच्या डाव्या कडेला एकामागे एक उभं केलं. बाही सैल झाल्यावर बँड निघाला तो शाळेच्या प्रभातफेरीसारखा, ओळीत. नाचणाऱ्यांनाही तो हातवारे करून ओळीत घेत होता. नवरदेवाचा मामा माझ्या अंगावर धावून आला. ओळीत कसं नाचायचं ते दाखवा, म्हणाला. माझा काय संबंध? मी नुसता दोघांच्या मधे उभा होतो!

*

मग माझ्या मुलाने अक्कल लढवली. आबांच्या फोनमध्ये त्यांच्या आवडीची गाणी भरून दिली आणि कानात घालायला ते बिनवायरचे इअरफोन दिले. रस्त्यावरचं ऐकूच आलं नाही तर थांबतील कशाला? मला पटलं. मी त्या दिवशी खूश होऊन बाहेर पडलो.

भाजी बाजाराच्या तोंडाशी आबा थांबले. मी खुणेने विचारलं, आता काय? तर म्हणाले, आलाप चालू आहे, आलापात चालायचं नसतं. डोळे मिटून, कानाला बोट लावून उभे. मधूनच मान हलवत होते, हं, हं, वा, असं करत होते.

थोड्या वेळाने मला खडखड ऐकू आली. बघतो तर मेथीवाली आपली गाडी मागे ओढत होती. तिचं बघून कांदेवाल्याने पाट्या आत घेतल्या, केळीवाल्याने छत्री मिटली. त्यांना वाटलं, साहेबांना वरून ऑर्डर येतेय! मी ओरडून सांगत होतो, अहो ते रिटायर झालेत, गाणं ऐकताहेत. एकानेही विश्वास ठेवला नाही. आलाप संपेपर्यंत सगळा रस्ता मोकळा झाला होता.

*

नंदीबैलवाल्याने मात्र माझी बाजू घेतली. म्हणजे बैलाने घेतली. कॉलनीत तो गुबुगुबु करत आला. आबा अर्थातच थांबले. त्या बिचाऱ्याने आबांना ओळखलं. आबा प्रेमाने विचारत होते, आणि तो भीतीपोटी बैलाला प्रत्येक गोष्टीला हो म्हणायला लावत होता. पाऊस चांगला होईल का? हो. आबांचा नातू पास होईल का? हो. नातू पहिलीत आहे, तिथे कुणालाच नापास करत नाहीत.

माझा संयम सुटला. मी पुढे होऊन बैलालाच विचारलं की हे आबा एक दिवस तरी न थांबता चालतील का? नंदीबैलवाल्याने जोरात गुबुगुबु केलं. बैलाने आबांकडे बघितलं आणि डावीकडून उजवीकडे चांगली दोनदा मान हलवली. एवढ्या सगळ्यांत खरं बोलणारा तोच एक निघाला.

*

धुळ्याला एका लग्नाला गेलो होतो. एसटीत आबा लहान मुलासारखे खूश, कारण धुळ्यात त्यांना ओळखणारं कुणी नाही. संध्याकाळी पांझरेच्या काठाने फिरायला निघालो. पुलाजवळ एक म्हातारे बुवा पेटी घेऊन भजन म्हणत बसले होते. बाजूला त्यांची बायको टाळ धरून. आबा थांबले आणि मीही म्हटलं, जाऊ दे, एक दिवस ऐकू दे माणसाला. त्यांची तपासणी जवळ आली होती, आणि दिवसेंदिवस त्यांचा चेहरा उतरत चालला होता, ते मला दिसत होतं.

बुवा छान म्हणत होते. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. एक भजन संपलं, दुसरं सुरू झालं. कुणी पळत नव्हतं. रफिकभाईसुद्धा कठड्याला टेकून ऐकत होते. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

दुसऱ्या भजनाच्या मध्यावर एक सायकलवाला घंटी वाजवत आला, त्याला वळसा घालून जावं लागलं. आबांनी ते पाहिलं. डोळे पुसले, पुढे वाकले आणि अतिशय नम्रपणे बुवांना म्हणाले, "महाराज, जरा आत सरकून बसा. रस्ता अडतोय."

म्हातारीने टाळ पिशवीत टाकले. परतीच्या एसटीत मी आबांपासून चार सीट लांब जाऊन बसलो.

*

तपासणीला चार दिवस राहिले. त्या संध्याकाळी अक्का आमच्याकडे येऊन रडल्या. आबा रात्री उठून बसतात, छातीवर हात ठेवतात, मला आता चिरणार म्हणतात. दोन महिन्यांत एक दिवसही ते सलग चालले नव्हते आणि त्याचा जाब मला द्यायचा होता. मी ठरवलं, उद्या मेहरूण तलावावर जायचं. सकाळी तिकडे फक्त चालणारे असतात, गाणारे नसतात.

तलावापाशी पोहोचलो आणि रफिकभाईंना एक बँडवाला भेटला. फिरायला आलेला साधा माणूस, पण दोन कोट शिवायचे आहेत म्हणाला, आणि रफिकभाईंनी खिशातून टेप काढला. मी त्यांच्यावर चिडलो, चांगलाच चिडलो. मागे वळून बघतो तर आबा नाहीत.

पुढे रस्त्यावर लांब एक बासरीवाला दिसला. काठीला बासऱ्यांचा झुपका लावून, एक बासरी तोंडाला लावून चालला होता. त्याच्या मागे आबांचा सफारी. मी हाका मारल्या. दोघंही वळणावर दिसेनासे झाले.

आम्ही आधी पायी धावलो, मग रिक्षा केली. रिक्षावाल्याला सांगायचं तरी काय, बासरीच्या आवाजाने घे? लोकांना विचारत गेलो. हो हो, आत्ताच गेले, दोघं भरभर चालले होते. भरभर हा शब्द ऐकून मी रिक्षावाल्याला आणखी जोरात घ्यायला सांगितलं. ज्या माणसाला जिना चढताना धाप लागते तो भरभर चालतोय! अक्कांचा फोन आला, मी उचलला नाही. रफिकभाई रिक्षात पुटपुटत दुवा मागत होते, मध्येच मला सॉरी म्हणत होते. मी म्हटलं, काही झालं तर तुमचा तो टेप तलावात फेकून देईन.

गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, रेल्वे फाटकापाशी ते सापडले. फाटक पडलं होतं म्हणून सापडले. बासरीवाला फाटकाला पाठ लावून उभा, घामाने निथळत होता, आणि तरी वाजवत होता. त्याच्यापासून चार हातांवर आबा, हात मागे बांधून, डोळे मिटून. तेही घामेजलेले, पण दम शांत. छातीवर हात नव्हता. मी त्यांना दंडाला धरून हलवलं तेव्हा डोळे उघडून म्हणाले, "आज बठ्ठं ऐकं मी, भाऊ, पहिल्यापासून शेवटपर्यंत."

रफिकभाईंनी घड्याळ बघितलं. सलग चालून तासाच्या जवळ आलं की हो, म्हणाले, आणि आबांना मिठीच मारली. सगळा राग मी बासरीवाल्यावर काढला. म्हातारा माणूस मागे येतोय, हृदयाचं दुखणं आहे, तुम्हाला एकदा थांबता येत नाही का?

त्याने बासरी खाली घेतली आणि हात जोडले. "दादा, यांनी मला पूर्वी टॉवर चौकातून उठवलं होतं. मला वाटलं, पकडायलाच येताहेत. पळालो असतो तर चोर ठरलो असतो. वाजवणं सोडलं असतं तर संशय आला असता. मग वाजवत वाजवतच चालत राहिलो."

गाडी गेली, फाटक उघडलं. आबा पुढे झाले आणि त्यांनी विचारलं, उद्या सकाळी कुठून निघणार?

बासरीवाल्याने माझ्याकडे बघितलं, रफिकभाईंकडे बघितलं, काठी खांद्यावर घेतली. "उद्या मी जळगावात नाही, साहेब. उद्या धुळ्याला जाणार आहे."

आबा म्हणाले, "पायी?"